छातीवरचा क्रमांक
(नभोवाणीवरील भाषण)

दर वर्षी परीक्षांचे निकाल लागले, की आमच्या शाळेच्या व्हरांड्यात दोन-चार पालक हमखास येऊन उभे राहतात. कोणी शेतकरी असतो, कोणी निवृत्त हवालदार, कोणी फाउंड्रीतला कामगार. मुलाला सैन्यात अधिकारी करावयाचे असते. प्रश्न ठरलेला असतो : "सर, त्या परीक्षेसाठी कुठला क्लास लावू? पैसे कितीही लागले तरी चालतील." हे शेवटचे वाक्य उच्चारताना त्यांचा आवाज थोडा खाली येतो. पैसे कितीही लागले तरी चालतील अशी त्यांची परिस्थिती नसते, हे त्यांना ठाऊक असते आणि मलाही.

बेळगाव हे पलटणीचे गाव. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ सालापासून येथे आहे. येथल्या मुलांना गणवेशाची ओढ शिकवावी लागत नाही. ती वाऱ्याबरोबरच येते. परंतु शिपाई म्हणून भरती होणे वेगळे आणि अधिकारी म्हणून निवडले जाणे वेगळे. या दोहोंच्या मध्ये एक कसोटी उभी आहे. तिचे नाव सर्वतोमुखी आहे, स्वरूप मात्र फार थोड्यांना माहीत आहे. ही कसोटी आली कोठून, ती काय पाहते आणि म्हणून तिची तयारी कशी करावी, एवढेच आज आपणांस सांगावयाचे आहे. तयारीचा प्रश्न सोडवावयाचा तर आधी कसोटीचा इतिहास पाहिला पाहिजे, अशी माझी समजूत आहे. ही समजूत मला थोड्या उशिरा आली. त्याची कबुली पुढे देईनच.

माणसे पारखणारा राजा आपल्या इतिहासाला अपरिचित नाही. परंतु पारखणारा डोळा हा एका माणसाचा असतो. तो माणूस गेला की पारखही त्याच्याबरोबर जाते. सैन्याला दर वर्षी शेकड्यांनी अधिकारी लागतात. त्यासाठी अशी रीत हवी, की जी परीक्षक बदलले तरी बदलणार नाही. ही रीत शोधावयास जगाला फार वेळ लागला.

प्रथम इंग्लंडकडे पाहू. कारण आपली सैन्यव्यवस्था तेथूनच आली. तेथे १८७१ सालापर्यंत पायदळातील आणि घोडदळातील अधिकारपदे चक्क विकत मिळत असत. साध्या पायदळातील सर्वांत खालच्या अधिकारपदाचा सरकारी भाव ४५० पौंड होता. ज्याच्या बापाजवळ पैसा, तो अधिकारी. वरची जागा हवी असेल तर वरचा भाव भरावयाचा. १८७१ मध्ये ही खरेदी-विक्री बंद झाली. परंतु पैशाची जागा घराण्याने आणि शाळेने घेतली. मुलगा कोणत्या शाळेत होता, वडील काय करतात, तो खेळतो काय, अशा प्रश्नांच्या पाच-दहा मिनिटांच्या मुलाखतीवर अनेकांचे भवितव्य ठरू लागले.

हिंदुस्थानात तर हा प्रश्नही विचारला जात नव्हता. हिंदी माणसाला बादशाही कमिशन मिळतच नसे. तो फार तर सुभेदार होई. तीस-तीस वर्षे नोकरी केलेल्या, अंगावर जखमा वागवणाऱ्या सुभेदाराने नुकत्याच आलेल्या विशीतील गोऱ्या लेफ्टनंटचा हुकूम मानावयाचा, असा तो काळ होता. पहिल्या महायुद्धाने हा बांध थोडा फोडला. १९१८ साली आपल्या इंदूरच्या डेली कॉलेजात हिंदी तरुणांसाठी तात्पुरती लष्करी शाळा उघडण्यात आली. पुढे स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय सरसेनापती झालेले करिअप्पा हे त्याच शाळेचे विद्यार्थी. त्यांना १ डिसेंबर १९१९ रोजी कमिशन मिळाले. त्यानंतर सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात दर वर्षी दहा जागा हिंदी मुलांसाठी राखण्यात आल्या. एवढ्या मोठ्या देशातून दहा! कोल्हापूरकडील शंकरराव थोरात १९२६ साली सँडहर्स्टहून अधिकारी होऊन आले आणि पुढे लेफ्टनंट जनरल झाले. परंतु विलायतेतील खर्च आणि घराण्याची सरकारदरबारी ओळख या दोन दारांतून सामान्य घरचा मुलगा आत जाणे जवळजवळ अशक्य होते.

१९३२ च्या ऑक्टोबरात डेहराडून येथे इंडियन मिलिटरी अ‍ॅकॅडमी सुरू झाली. पहिल्या तुकडीत चाळीस विद्यार्थी होते. त्यांपैकी पंधरा खुल्या स्पर्धापरीक्षेतून आले, पंधरा सैन्यातील शिपायांतून आणि दहा संस्थानी फौजांतून. अमृतसरच्या एका डॉक्टरांचा मुलगा त्या पंधरांमध्ये सहावा आला होता. त्याचे नाव सॅम माणेकशा. स्पर्धापरीक्षेने घराण्याची भिंत काहीशी खाली आणली, यात शंका नाही. तथापि उत्तरपत्रिका मुलाचे ज्ञान सांगते. गोळीबारात तो आपल्या तीस माणसांना सावरील की नाही, हे ती कसे सांगणार? ही अडचण शिल्लकच राहिली.

ती अडचण दुसऱ्या महायुद्धाने ऐरणीवर आणली. त्यापूर्वी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मानसशास्त्राचा लष्करी उपयोग पहिल्या महायुद्धातच सुरू झाला होता. १९१७ साली अमेरिकेत रॉबर्ट यर्क्स या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने बुद्धिमापनाच्या दोन चाचण्या तयार झाल्या. साक्षरांसाठीच्या चाचणीला आल्फा आणि निरक्षरांसाठीच्या चाचणीला बीटा अशी नावे होती. सतरा लाखांच्या आसपास सैनिकांना त्या देण्यात आल्या. पुढे जर्मनीने केवळ बुद्धी न मोजता सबंध माणूस न्याहाळण्याची पद्धत बसवली. उमेदवाराला काही दिवस मंडळापुढे ठेवावयाचे, त्याला कामे द्यावयाची, हुकूम करावयास लावावयाचे आणि तो कसा वागतो ते टिपावयाचे. गंमत अशी, की १९४२ साली जर्मनीच्या भूदलाने आणि वायुदलाने ही व्यवस्था मोडीत काढली, आणि नेमक्या त्याच वर्षी तिचा शत्रू असलेल्या इंग्लंडने तशीच व्यवस्था उभारावयास घेतली.

इंग्लंडवर ही पाळी का आली? युद्ध वाढले तसे जुन्या शाळांतून मिळणारे अधिकारी संपले. लहानशा मुलाखतीतून निवडलेली मुले प्रशिक्षणात नापास होऊन परत येऊ लागली. त्याचबरोबर, साध्या घरचे लायक शिपाई आपल्याला कोण विचारणार म्हणून अर्जच करीत नव्हते. तेव्हा सर रोनाल्ड अ‍ॅडम या सेनाधिकाऱ्याच्या पाठिंब्याने १९४२ साली एडिंबरो येथे प्रयोग झाला आणि त्यातून युद्धकालीन निवड मंडळे जन्मास आली. त्यांत लष्करी अधिकाऱ्यांच्या जोडीला मनोविकारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ बसू लागले. विल्फ्रेड बायन नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने तेथे एक विलक्षण युक्ती काढली. सात-आठ अनोळखी उमेदवार एकत्र आणावयाचे, त्यांना एखादे काम द्यावयाचे, परंतु त्यांच्यात पुढारी कोणालाच नेमावयाचे नाही. मग पाहत बसावयाचे. कोण ओरडतो, कोण रुसतो, कोण स्वतःचे घोडे पुढे दामटतो आणि कोण दुसऱ्याची चांगली सूचना उचलून काम पुढे नेतो, हे तासाभरात उघड होते. स्वतःची छाप पाडणे आणि गटाचे काम तडीस नेणे या दोन ओढींमध्ये उमेदवार सापडतो. तेथे त्याचा स्वभाव लपत नाही.

या मंडळांपुढे उमेदवार आपल्या हुद्द्याच्या खुणा काढून ठेवीत आणि क्रमांक लावून वावरत. श्रोते हो, या क्रमांकाकडे आपण बारकाईने पाहावे असे मला वाटते. ४५० पौंडांपासून सुरू झालेला प्रवास येथवर आला. 'कोणाचा मुलगा?' या प्रश्नाच्या जागी 'सात नंबरने काय केले?' हा प्रश्न आला.

हीच पद्धत १९४३ साली डेहराडून येथे प्रायोगिक मंडळाच्या रूपाने आपल्या देशात आली. युद्धामुळे हिंदी अधिकाऱ्यांची संख्या शेकड्यांवरून हजारांवर जाऊ लागली होती; महू, बंगळूर आणि आमचे बेळगाव येथे अधिकारी-प्रशिक्षण शाळा चालू होत्या. स्वातंत्र्यानंतर इंग्रज गेले, परंतु ही रीत आपण टाकली नाही. १९४९ साली संरक्षण खात्यात मानसशास्त्रीय संशोधनाचा स्वतंत्र विभाग निघाला. त्याच वर्षाच्या आरंभी तिन्ही दलांच्या विद्यार्थ्यांचे एकत्र शिक्षण डेहराडूनला सुरू झाले, आणि पुढे पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी उभी राहिली. तिचे उद्घाटन १६ जानेवारी १९५५ रोजी झाले.

आता आजच्या कसोटीकडे येऊ. प्रबोधिनीसाठी संघ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा वर्षातून दोनदा होते. गणिताला ३०० गुण आणि सामान्य क्षमतेला ६००. त्या ६०० पैकी २०० इंग्रजीचे. चुकलेल्या उत्तराला गुण कापले जातात. ही परीक्षा अभ्यासाची आहे आणि अभ्यासाने साधते. तिच्यात उत्तीर्ण झालेल्यांना निवड मंडळापुढे बोलावणे येते. भोपाळ, बंगळूर, प्रयागराज, आणि वायुदलासाठी गांधीनगर, म्हैसूर अशी ही मंडळे आहेत. मंडळाचेही गुण ९००च. म्हणजे अर्धे माप पुस्तकाचे आणि अर्धे माणसाचे.

मंडळाचे काम पाच दिवस चालते. पहिल्या दिवशी बुद्धिमापन होते, आणि एक चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहावयास व नंतर गटात चर्चा करावयास सांगतात. येथेच पुष्कळांना परतीची वाट धरावी लागते. जे राहतात, त्यांना पुढे मानसशास्त्रीय चाचण्या असतात. एकेक चित्र अर्धा मिनिट दाखवतात आणि त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहावयाची; अशी बारा चित्रे असतात आणि त्यांतले एक कोरे असते. ही पद्धत हेन्री मरे आणि क्रिस्तियाना मॉर्गन यांनी १९३५ साली अमेरिकेत मांडली. मग साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद. शब्द दिसला की मनात येईल ते वाक्य लिहावयाचे. मग साठ प्रसंग आणि तीस मिनिटे. शेवटी स्वतःचे वर्णन. त्यात आईवडील, शिक्षक आणि मित्र आपल्याविषयी काय म्हणतात, हे लिहावयाचे असते. पुढे मैदानावर फळ्या, दोर आणि पिंपे घेऊन गटाने अडथळे ओलांडावयाचे, आणि एका अधिकाऱ्यापुढे सविस्तर मुलाखत द्यावयाची. मानसशास्त्रज्ञ, मैदानावरचा परीक्षक आणि मुलाखत घेणारा हे तिघेही स्वतंत्रपणे मत बनवतात आणि शेवटच्या दिवशीच एकत्र बसतात. मनसा, वाचा, कर्मणा हा आपला जुना शब्दप्रयोग या तिघांच्या कामाला तंतोतंत लागू पडतो. मनातले, बोलण्यातले आणि कृतीतले एकमेकांशी जुळते काय, हे ते पाहतात.

आता माझी कबुली. काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला. वडिलांची दीड एकर जमीन, आई दुसऱ्यांच्या शेतात कामाला. सबंध शाळेला आनंद झाला. मी त्याला तयार गोष्टींचे पुस्तक आणून दिले. त्याने लिहिलेल्या गोष्टी मी तांबड्या शाईने दुरुस्त करीत असे. त्याचा नायक चिखलात रुतलेली बैलगाडी काढी. मी ती खोडून तेथे आगगाडीचा अपघात घातला आणि नायकाकडून शंभर माणसे वाचवली. दोनशे शब्दांवर दोनशे उदात्त वाक्ये त्याच्याकडून पाठ करवून घेतली. मुलगा भोपाळला गेला आणि सहाव्या दिवशी परत आला. निवड झाली नव्हती.

मी विचारले, "काय रे, काय झाले?" तो खाली पाहून म्हणाला, "सर, वीसेक शब्द पाठातले आले. मग एक वेगळा शब्द आला आणि हात थांबला. माझे स्वतःचे काही आठवेचना." थोड्या वेळाने तो पुन्हा बोलला, "पण मैदानावर मजा आली, सर. तिथे पाठ केलेले काहीच चालत नव्हते. एका मुलाचा पाय घसरत होता, म्हणून मी फळी धरून बसलो आणि सगळे पलीकडे गेले."

ते ऐकून मी अस्वस्थ झालो. बैलगाडी काढणारा नायक त्याचा होता, शंभर माणसे वाचवणारा माझा होता. जी कसोटी 'तू कोण आहेस' एवढेच विचारीत होती, तिच्यापुढे मी त्याला दुसऱ्याचे कपडे घालून पाठवले होते. तिच्या इतिहासाची दोन पाने जरी मी आधी वाचली असती, तरी ही चूक माझ्या हातून झाली नसती. नटवलेला उमेदवार ओळखता यावा यासाठीच तर वेळ पंधरा सेकंदांचा ठेवला आहे.

मग तयारी करावयाचीच नाही काय? अवश्य करावी, परंतु ती सहा आठवड्यांची नसावी, सहा वर्षांची असावी. गणित आणि इंग्रजी यांचा रोजचा सराव पाहिजे. वर्तमानपत्र वाचून त्यातील एका विषयावर तीन मिनिटे उभे राहून बोलण्याची सवय पाहिजे. मंडळापुढेही तीन मिनिटेच बोलावयाचे असते. सांघिक खेळ, पळणे, एन.सी.सी., गणेशोत्सवाचा मांडव असो की चर्चच्या फेस्ताची व्यवस्था असो, चार जणांबरोबर एखादे काम शेवटपर्यंत नेण्याचा अनुभव पाहिजे. आणि स्वतःचे वर्णन लिहावयाचे म्हणून तरी मुलाने आईला एकदा विचारावे : "आई, मी कसा आहे?" आमच्या घरांतून हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. उत्तर कडू आले तर सुधारण्यास वेळ असतो. तोच खरा अभ्यास. कसोटीचे स्वरूप माहीत करून घेण्यापुरते मार्गदर्शन जरूर घ्यावे. महाराष्ट्र शासनाने १९७७ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, याच हेतूने संस्था काढली आणि सातारची सैनिक शाळा तर १९६१ पासून आहे. परंतु कर्ज काढून पाठांतर विकत घेऊ नये.

कोणी म्हणेल, मुलाखतीपूर्वीच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय आणि उत्पन्न अजूनही विचारतात; मग बदलले काय? विचारतात हे खरे. परंतु पूर्वी त्या उत्तरावर दार उघडत किंवा बंद होत असे. आज ते उत्तर वाचून अधिकारी पुढचा प्रश्न विचारतो, की या परिस्थितीत तू काय केलेस? दीड एकराच्या मुलाजवळ त्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा बंगल्यातील मुलापेक्षा भरघोस असते. कारवारजवळच्या चेंडिया गावचे राम राघोबा राणे यांचेच पाहा. पोलीस शिपायाचा हा मुलगा १९४० साली साधा सैनिक म्हणून भरती झाला, ब्रह्मदेशात लढला आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट झाला. पुढे चारच महिन्यांनी, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेरा ते राजौरी या वाटेवर जखमी असतानाही त्यांनी सुरुंग काढले, रणगाड्याखाली शिरून त्याच्याबरोबर सरकत वाट मोकळी केली. त्यांना परमवीर चक्र मिळाले. ४५० पौंडांच्या जमान्यात हा माणूस दाराबाहेरच राहिला असता.

कसोटी निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. माणसांनी माणसांची केलेली पारख चुकू शकते. म्हणूनच वयात बसेपर्यंत पुन्हा येण्याची मुभा ठेवली आहे. आणि दार आणखी रुंदही झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नोव्हेंबर २०२१ मध्ये मुली प्रथमच प्रबोधिनीच्या परीक्षेला बसल्या, आणि ३० मे २०२५ रोजी सतरा मुली खडकवासल्याहून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. क्रमांक छातीवर मुलाच्या आहे की मुलीच्या, हेही आता गौण ठरले.

माझा तो विद्यार्थी पदवीनंतर दुसऱ्या परीक्षेतून पुन्हा मंडळापुढे गेला. या वेळी मी त्याला पुस्तक दिले नाही. मंडळाने त्याची शिफारस केली; परंतु जागा मर्यादित होत्या आणि अंतिम यादीत त्याचे नाव आले नाही. असेही होते, हे पालकांनी ऐकून ठेवावे. आज तो एका सहकारी पतसंस्थेत नोकरी करतो आणि पहाटे गावातील पंधरा-वीस मुलांना पळावयास नेतो. त्याच्या नायकाने गाडी चिखलातून काढण्याचे सोडलेले नाही.

येत्या जूनमध्ये पुन्हा कोणी बाप शाळेच्या व्हरांड्यात येईल आणि विचारील, "कुठला क्लास लावू?" मी त्यांना आधी बसावयास खुर्ची देईन आणि विचारीन, "मुलगा घरी काय काय करतो?" तयारी तेथून सुरू होते.